दुपारच्या शाळेचं वजन

असुन्सिओनमध्ये वजनदार माणसांना तोटा नाही. मंत्री आहेत, मंत्र्यांचे मेहुणे आहेत, मेहुण्यांच्या गाईगुरांच्या वाड्या आहेत. पण दुसऱ्याला वजन देण्याचा पगार घेणारी माणसं अख्ख्या पाराग्वेत दोन-तीनच, आणि त्यांतली सगळ्यात जुनी आणि खडूस म्हणजे निमिया ओर्तेगोसा.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. दर काही वर्षांनी देशभरातल्या सहावीच्या मुलांची एक मोठी परीक्षा व्हायची. त्यात मुलं पास-नापास होत नसत. नापास झालाच तर देश व्हायचा, आणि देशाला घरी नेऊन बदडता येत नाही. सगळ्या शाळांत जायला ना माणसं होती, ना पेट्रोल, ना इच्छा. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही शाळा निवडायच्या आणि शितावरून भाताची परीक्षा करायची. आता कुठलं शीत किती भाताच्या वतीने बोलतंय, हे कुणीतरी ठरवायला हवं. ते निमिया ठरवायची. राजधानीतल्या मोठ्या शाळा बहुतेक सगळ्याच चिठ्ठीत निघायच्या, म्हणून तिथलं पोर फार तर पाच-दहा पोरांच्या वतीने उभं राहायचं. दूरच्या वस्त्यांवरच्या बारक्या शाळा ढिगाने, त्यांतली एखादीच निघायची. मग त्या एका शाळेतल्या पोराच्या डोक्यावर शेकडो पोरांचा भार. या आकड्याला वजन म्हणतात. ज्या शाळेला एरवी कुत्रं विचारत नाही, तिला निमिया वजन द्यायची, आणि ज्या शाळेच्या दारात गाड्यांची रांग लागते तिचं वजन छटाकभर करून ठेवायची. हा एवढा एकच न्याय त्या देशात नियमाने व्हायचा, आणि तोही फक्त संगणकात.

कचेरीत तिला मागून ‘ला पेसादा’ म्हणत. म्हणजे जड बाई. डोकं खाणाऱ्या माणसालाही तिकडे हाच शब्द आहे, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी मरत. तिला हे ठाऊक होतं. तोंडावर मात्र सगळे ‘लिसेन’ म्हणत. तिकडे माणसाला एकदा पदवी मिळाली की आईबापांनी ठेवलेलं नाव कपाटात जातं आणि पदवीनेच हाक मारतात. आईसुद्धा शेजारणीसमोर मुलीला लिसेन म्हणते. शेजारीण ऐकत नसली तर निमिया.

निमियाला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. इतक्या वर्षांत तिने परीक्षेची एकही शाळा डोळ्यांनी पाहिली नव्हती.

“शाळा पाहिली की दया येते,” ती नव्या पोरींना सांगायची, “आणि दया आली की हात चळतो. आपण आकडे बघायचे. गळकी छपरं बघायला आमदार आहेत.”

आमदार बघत नाहीत, हे नव्या पोरींनाही माहीत होतं. पण जड बाईशी वाद कोण घालणार?

कचेरीचे प्रमुख डॉक्टर विल्दो अल्मिरोन. डॉक्टर कसले, तर कायद्याचे. ताप आला तर त्यांच्याकडे जाऊन उपयोग नाही. ताप आणायचा असेल तर जावं. त्यांना सरासरी म्हणजे काय हे पक्कं माहीत होतं: मागच्या वेळेपेक्षा वर जाते ती. मागच्या खेपेला एका जड शाळेने फार वाईट गुण मिळवले, तेव्हा ते हातवारे करत निमियाच्या खोलीत आले होते.

“लिसेन, एका खेड्याने अख्ख्या देशाचं नाक कापावं हे बरोबर आहे का?”

“नाक नाही कापता येत, डॉक्टर. वजन कापता येतं.”

“मग कापा की!”

फार जड वजन थोडं छाटायची रीत सगळ्या जगात आहे, म्हणून निमियाने छाटलं. रीतीला धरून छाटलं, खाली टीप लिहिली, आणि मन शांत ठेवलं. टिपा वाचायला कुणी जन्माला आलेलं नसतं, पण लिहिल्या की झोप चांगली लागते.

या खेपेला उलटं झालं. सान पेद्रोच्या पलीकडे, लाल मातीच्या रस्त्याच्या शेवटी, कोलोनिया ताकुआरीता नावाची वस्ती. तिथली एक शाळा चिठ्ठीत निघाली. सहावीत अकरा मुलं, आणि एकेकाचं वजन सहाशेच्या आसपास. या अकरा जणांनी वाचनात असे काही गुण मिळवले की राजधानीतल्या फीवाल्या शाळांनी तोंड लपवावं. त्या एका शाळेच्या खांद्यावर बसून सगळ्या दुर्गम शाळांची सरासरी वर गेली, आणि दुर्गम शाळांच्या खांद्यावर बसून देश.

निमियाच्या कपाळाला आठी पडली. ती आकडा घेऊन डॉक्टरांकडे गेली.

“हे वजन छाटायला हवं.”

“का?”

“फार जड आहे. मागच्या वेळी छाटलं होतं ना, तसंच.”

“लिसेन, लिसेन!” डॉक्टरांच्या आवाजाला एकदम पाझर फुटला. “गरिबांच्या लेकरांनी एकदा मान वर काढली, आणि तुम्ही कात्री घेऊन आलात? तुमच्या छातीत काळीज आहे की गणकयंत्र?”

हा प्रश्न निमियाला फार लोकांनी विचारला होता, पण गरिबांच्या वतीने प्रथमच. ती खोलीत परत आली, आणि खरं सांगायचं तर गप्प बसली. टीपही लिहिली नाही. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, जवळच्या लुके गावात घर होतं, अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची होती. खुर्चीत बसून पुढे काय करायचं तेही ठरलेलं होतं: काही नाही.

डॉक्टर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. अहवाल छापायच्या आधीच त्यांनी चांगल्या शाळांना अभिनंदनाची पत्रं धाडली, जाड कागदावर, सोनेरी किनारीची. आणि त्याच आठवड्यात वरच्या खात्याने डोकं चालवलं. दुर्गम शाळा एवढं छान वाचतात, तर तिथे ग्वारानी बोलणाऱ्या जोड-शिक्षिका कशाला हव्यात? मुलं घरी ग्वारानी बोलतात, पुस्तकं स्पॅनिशमध्ये असतात, म्हणून या बायका नेमलेल्या होत्या. आता रोग बरा झाला, औषध बंद. जागा रद्द करायचे कागद निघाले.

त्यानंतर काही दिवसांनी, भर सकाळी, कचेरीत एक बाई आली. पायांत लाल माती, हातात कापडाने झाकलेली टोपली, टोपलीत चिपा. मक्याच्या आणि चीजच्या त्या खरपूस कड्यांच्या वासाने निम्मी कचेरी जागी झाली. कागदाची भेंडोळी बगलेत. बाईचा आवाज मात्र टोपलीपेक्षा मोठा होता.

“हे परत घ्या!” तिने सोनेरी किनारीचं पत्र टेबलावर आपटलं.

टेबलामागच्या मुलीने ते उलटसुलट पाहिलं. तक्रार घ्यायची खिडकी होती, अर्ज घ्यायची होती. अभिनंदन परत घ्यायची खिडकी कचेरीत नव्हती. अशी वेळच कधी आली नव्हती. जे काम कुणाचंच नाही ते जड बाईचं, या जुन्या नियमाने त्या बाईला निमियाच्या खोलीत पाठवण्यात आलं.

“मी लिब्रादा साल्दिवार. ताकुआरीताची शिक्षिका.”

निमियाने नाव ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिच्या एका आकड्याला पाय फुटून तो खोलीत येऊन बसला होता.

“बसा, प्रोफे. अभिनंदन.”

“अभिनंदन राहू दे बाजूला. आम्ही परीक्षाच दिली नाही!”

“दिली की. अकरा मुलं. गुण आलेत.”

“अगं बाई, लिसेन, मी काय खोटं बोलायला सहा तास बसने आले? माझ्या पोरांनी पेन्सिलसुद्धा उचलली नाही. माझी शाळा दुपारची!”

निमियाने तेरेरेचा पेला भरला. गार पाणी, ठेचलेल्या पाल्याचा वास. दुसऱ्याला जेवायला विचारा न विचारा, पेला मात्र द्यावाच लागतो. तिने तो पुढे केला आणि म्हणाली, “सावकाश सांगा.”

लिब्रादाने नळी तोंडात धरून एका दमात पेला संपवला आणि सांगितलं. इमारत एक, शाळा दोन. सकाळच्या शाळेला एका शूर सरदाराचं नाव, गावातल्या दुकानदारांची, सोयाबीनवाल्यांची, शिक्षकांची पोरं. घरी स्पॅनिश, डब्यात जॅम. दुपारच्या शाळेला नाव नाही, नुसता क्रमांक. तिथे वस्तीच्या आतली पोरं, जी सकाळी गाई सोडून, पाणी भरून, मग चालत येतात. चिठ्ठीत निघाली ती क्रमांकवाली. परीक्षा घेणारे साहेब आले ते सकाळी.

“सकाळी का?” निमियाने विचारलं, पण उत्तर तिला विचारतानाच कळलं होतं.

“दुपारी ऊन असतं ना!” लिब्रादा म्हणाली. “आणि शेवटची बस तीनची. साहेब आठला उतरले, दाराशी झेंडा दिसला, मुलं दिसली, पेपर वाटले. आमची मुख्याध्यापिका पण तीच, सकाळची नि दुपारची. तिने मुकाट्याने सही केली. अकराच पोरं हवी होती म्हणून हुशार अकरा काढून दिली. मी बाराला पोचले तर साहेब झाडाखाली तेरेरे पीत बसलेले. मी म्हटलं, कोण तुम्ही? तर म्हणे, झालं सगळं, प्रोफे, काळजी करू नका.”

निमियाने परीक्षा घेणाऱ्या माणसाला बोलावलं. सिरिलो त्याचं नाव. तो आला, चिपाकडे पाहिलं, लिब्रादाकडे पाहिलं, आणि पुन्हा चिपाकडेच पाहत राहिला.

“सिरिलो, कुठली शाळा घेतलीस?”

“यादीतलीच, लिसेन.”

“यादीत दुपारची होती.”

“इमारत तीच ना, लिसेन. भिंती त्याच, फळा तोच. बाकंसुद्धा तीच!”

“आणि पोरं?”

“पोरं काय...” सिरिलोने खांदे उडवले. “पोरं बसतात नि उठतात. बाक कायम असतं.”

हे वाक्य कचेरीच्या दारावर कोरून लावण्याच्या लायकीचं होतं. निमियाने त्याला एक चिपा देऊन घालवलं, कारण अशा माणसाला रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शीत घेतलं खरं, पण ते शेजाऱ्याच्या पातेल्यातलं. आणि त्या शेजाऱ्याच्या शितावर तिने स्वतःच्या हाताने सहाशेचं वजन चढवलं होतं. तिला लाज वाटली. वजन छाटायचं म्हणून गेली, आणि काळजाचं नाव ऐकून परत फिरली, याची तिला फार लाज वाटली.

“आता तुमचं म्हणणं काय, प्रोफे?”

“माझी मार्सियाना मला राहू द्या.” लिब्रादाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “जोड-शिक्षिका. महिन्याअखेर तिची जागा जाते. मी स्पॅनिशमध्ये सांगते, ती ग्वारानीत समजावते, तेव्हा कुठे पोरांच्या डोक्यात उतरतं. ती गेली की मी भिंतीशी बोलणार. आणि हे पत्र! पहिलाच शब्द बघ काय लिहिलाय. धन्यवाद! लिसेन, तेरेरे पिताना धन्यवाद कधी म्हणतात?”

हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. पेला फिरत असतो तोवर कुणी धन्यवाद म्हणत नाही. म्हटलं की पुरे झालं, मला नको, असा अर्थ होतो, आणि पुढचा पेला येत नाही.

“यांनी मला धन्यवाद म्हटलं,” लिब्रादा म्हणाली, “आणि पेला बंद केला.”

डॉक्टर अल्मिरोन यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते पत्राच्या सोनेरी किनारीवरून बोट फिरवत होते.

“म्हणजे मुलं त्याच गावातली?”

“त्याच गावातली, पण निवडलेली नव्हेत.”

“लिसेन, आपण समानतेचं युग म्हणतो. सकाळचं पोर नि दुपारचं पोर असा भेद तुम्ही करावा?”

“मी नाही करत, डॉक्टर. घड्याळ करतं.”

“हे बघा, अहवाल छापखान्यात जायचा आहे. परदेशातले तज्ज्ञ यायचे आहेत. एका बाईच्या टोपलीसाठी देशाची सरासरी खाली आणू?”

“ठीक आहे.” निमिया उठली. “मग वजनांच्या पानावर तुम्हीच सही करा. आणि तज्ज्ञांनी विचारलं की हे सहाशे कसे काढले, तर तुम्हीच सांगा. सोपं आहे, एक भागिले शक्यता, दोनदा.”

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जसा पोहता न येणाऱ्याला कुणी होडीतून उतर म्हटल्यावर होतो. सही दुसऱ्याची आणि श्रेय आपलं, अशी त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची वाटणी होती. ती मोडायची त्यांची तयारी नव्हती.

“काय पाहिजे तुम्हाला?”

“दुपारच्या मुलांची परीक्षा. शिल्लक पेपर मोहोरबंद आहेत.”

“गाडी मिळणार नाही.”

“बस आहे.”

“आणि माणूसही मिळणार नाही. तुम्हालाच जावं लागेल.” डॉक्टर गोड हसले. शाळा न पाहण्याचं निमियाचं व्रत सगळ्या कचेरीला माहीत होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर मांजर किती लांब राहतं हेही बघावं, असा त्यांचा हिशेब.

निमिया गेली. ऐन दुपारी, छत्री उघडून, लाल धुळीत चपला ओढत, वाटेत जी कुठली शिवी आठवेल ती ग्वारानीत देत गेली. राजधानीतल्या शिकलेल्या माणसांची ग्वारानी एवढीच असते: शिव्या, थट्टा आणि आजीने म्हटलेली अंगाई. बाकी सगळं आयुष्य स्पॅनिशमध्ये.

शाळा पाहिल्यावर दया येते म्हणतात. निमियाला आधी राग आला. वर्गाच्या भिंतीवर सकाळच्या मुलांची चित्रं होती, खाली त्यांची नावं. दुपारच्या मुलांसाठी एक खिळाही नव्हता. त्यांची चित्रं लिब्रादा संध्याकाळी काढून स्वतःच्या पिशवीत घालून घरी न्यायची. बाकं खरोखरच तीच होती. सिरिलो खोटं बोलला नव्हता.

मुलं बसली. पेपर हातात घेऊन ती पहिल्या पानाकडे अशी बघत राहिली की जणू ते सरकारी नोटीस आहे. ते तसं होतंच. मार्सियाना खिडकीबाहेर उभी होती. परीक्षेत समजावून सांगायला बंदी, म्हणून तिला निमियानेच बाहेर काढलं होतं. नियम म्हणजे नियम. ती बिचारी गजांना धरून तोंड घट्ट मिटून उभी होती.

“लिब्रादा,” निमिया हळूच म्हणाली, “त्यांना सांग, गुणांसाठी नाही लिहायचं. एकेकाच्या मागे सहाशे मुलं उभी आहेत. तुम्ही त्यांच्या वतीने लिहिताय.”

लिब्रादाने ग्वारानीत सांगितलं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती, आणि भिंतीवर सकाळच्या मुलांची चित्रं. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग पुढे वळून लिहायला लागली. आजवर निमियाने हजारो वेळा तो आकडा टाकला होता. त्या आकड्याकडे वळून पाहणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते धुळीवर ढकललं.

गुण जसे यायचे तसे आले. वाईट. काही पानं तर कोरीच. निमियाने सकाळचे अकरा काढून टाकले, दुपारचे अकरा घातले, वजन तेच ठेवलं, एक छटाकही छाटलं नाही, आणि या वेळी टीप लिहिली. सरासरी खाली आली आणि मागच्या खेपेच्या शेजारी जाऊन बसली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. डॉक्टर अल्मिरोन यांनी पत्रकारांपुढे त्याला ‘स्थिर वाटचाल’ असं नाव दिलं. जो जागचा हलत नाही तो स्थिरच असतो, त्यामुळे त्यांना खोटं म्हणता आलं नाही. तज्ज्ञांनी वजनांचं पान पाहून मान डोलावली. वरच्या खात्यानेही हळूच कागद मागे घेतले. जोड-शिक्षिकांच्या जागा राहिल्या. निमियाला बढती मिळाली ती तळमजल्यावरच्या जुन्या कागदांच्या खोलीत, जिथे वारा येत नाही पण डॉक्टरही येत नाहीत.

तिथेच एका दुपारी तिचा फोन वाजला.

“लिसेन! मी लिब्रादा. मार्सियानाच्या नेमणुकीचा नवा हुकूम आला!”

“आला ना? बघ, म्हटलं नव्हतं!” निमिया खुर्चीतून अर्धी उठली.

“आला. पण सकाळच्या शाळेत.”

निमिया परत खाली बसली. हुकमावर कुणीतरी इमारतीचा पत्ता लिहिला असणार, आणि त्या इमारतीच्या दारावर शूर सरदाराचं नाव. क्रमांक कुणाला दिसतो? परत तेच बाक. सहाशे जणांचं वजन उचलून आणलेली ती अकरा पोरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि ती त्या कोंदट खोलीत ग्वारानीत अशी काही बोलली की ऐकून आजीने कान उपटले असते.

“झालं बोलून?” फोनवर लिब्रादा हसत होती. “आता पेला भर नि शांत बस. मार्सियाना सकाळी घरी कपडे धुते आणि बाराला माझ्या वर्गात येते.”

“अगं पण हुकूम सकाळचा आहे! कुणी तपासायला आलं तर?”

“लिसेन,” लिब्रादा म्हणाली, “दुपारी इथे कोण येतंय?”

“आणि सकाळी आलं तर?”

“सकाळच्या पोरांना बघून खूश होतील, आणि धन्यवाद म्हणून जातील.”